विनीतच्या गाडीचे आठ डेसिबल

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही बहात्तर जण एका वर्गात बसला आहात आणि शाळा सुटल्याची घंटा झाली आहे. वर्गाचं दार थेट रस्त्यावर उघडतं. काय होईल? तुम्ही सगळे एकदम ओरडत बाहेर पडाल आणि समोरून जाणाऱ्या माणसाच्या हातातली भाजीची पिशवी खाली पडेल. आता दुसरी कल्पना करा. दाराबाहेर एक लांब व्हरांडा आहे. त्याला दोन वळणं आहेत आणि प्रत्येक वळणावर एक बाई उभ्या आहेत. घंटा तीच आणि मुलंही तीच, पण रस्त्यावर पोचेपर्यंत तुमचा आवाज किती उरेल?

मोटारीच्या इंजिनात अशी शाळा मिनिटाला हजारो वेळा सुटते. जळालेली गरम हवा धडाधड बाहेर पडत असते, आणि तिला शिस्त लावणारा जो व्हरांडा असतो त्याला सायलेन्सर म्हणतात. माझ्या मुलानं, विनीतनं, आपल्या गाडीचा हा व्हरांडा पाडून टाकला होता. त्या जागी त्यानं दुधाच्या किटलीच्या तोंडाएवढा एक चकचकीत पाइप बसवला होता. का, असं मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “बाबा, फील येतो.” मी चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं. फील हे कशाचं एकक आहे, ते मला आजवर सापडलेलं नाही.

आता डोळे उघडा. गोष्ट पुढे चिंतेची आहे, ती डोळे उघडे ठेवूनच ऐकलेली बरी.

विनीत जहाजावर इंजिनिअर आहे. कल्याणच्या पुढे, मुरबाड रस्त्याच्या आतल्या बाजूला गाड्या पळवायचा एक ट्रॅक झाला आहे. तिथे वर्षातून एकदा पालक आणि मूल अशी जोडीची फेरी असते. पुढे ट्रॅकवाल्यांची एक गाडी चालते आणि आपण तिच्या मागून, आपल्याला झेपेल तितक्या वेगानं जायचं. विनीतनं गेल्या वर्षी आपल्या लेकीला, म्हणजे माझी नात दक्षता हिला, त्या फेरीला न्यायचं कबूल केलं होतं. ऐन वेळी जहाजावरून बोलावणं आलं. या वर्षी त्यानं पुन्हा नाव नोंदवलं आणि फेरीच्या बारा दिवस आधी पुन्हा बोलावणं आलं. दक्षता रडली नाही. दहा वर्षांची मुलगी अशा वेळी रडली तर मोठ्या माणसांना फार सोपं जातं. आइस्क्रीम आणता येतं. ती नुसती बापाच्या बॅगेची चेन लावून देत होती. ते पाहून माझ्या तोंडून निघून गेलं, “मी नेईन तुला.”

दक्षतानं चेन लावली आणि माझ्याकडे वळून विचारलं, “आबा, तुम्ही तरी नक्की ना?”

त्या ‘तरी’नं पुढले बारा दिवस माझी झोप उडवली.

मला गाडी चालवता येते. माझं लायसन सत्तावीस वर्षांचं आहे आणि मी कधी चाळीसच्या वर गेलेलो नाही. पण अडचण वेगाची नव्हतीच. ट्रॅकच्या नियमांत लिहिलं होतं की गाडीचा आवाज पंचाण्णव डेसिबलच्या वर असेल तर गाडी आत सोडली जाणार नाही. पाइपाच्या तोंडापासून अर्धा मीटर अंतरावर, पंचेचाळीस अंशांच्या कोनात मीटर ठेवायचा, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा साडेचार हजारांवर न्यायचा आणि आकडा वाचायचा. संधी तीनच. त्या दिवसानंतर ट्रॅक पावसाळ्याचे चार महिने बंद.

मी मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घेतलं आणि बाळकुमच्या आमच्या सोसायटीच्या आवारात, भर सकाळी दहा वाजता, गाडी सुरू केली. डी विंगवरची कबुतरं उडाली. शेजारच्या दोन गाड्यांचे भोंगे आपोआप वाजू लागले. आकडा आला एकशे तीन. दक्षतानं तो आपल्या वहीत लिहिला. प्रत्येक मोजमाप लगेच लिहायचं, ही सवय मीच तिला लावली आहे.

आठ डेसिबल कमी करायचे म्हणजे शंभरातून आठ रुपये काढण्यासारखं सोपं वाटतं. तसं ते नाही. दर तीन डेसिबलना आवाजाची ताकद निम्मी होते. आठ कमी करायचे म्हणजे सहा भागांतला एकच भाग ठेवायचा आणि पाच गायब करायचे. हे मी तिथे जमलेल्या सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. गाडीचं बॉनेट उघडलं की आपल्याकडे माणसं जमतातच, त्यांना बोलवावं लागत नाही.

“मास्तर, हे सगळं वहीत ठेवा,” तळमजल्यावरचे तानाजीराव म्हणाले. तानाजीराव एस.टी.च्या डेपोत तीस वर्षं मेकॅनिक होते आणि त्यांना आमच्या सोसायटीत कोणत्याही यंत्राबद्दल शेवटचा शब्द बोलायचा मान आहे. “पाइपात घासणी कोंबायची. भांडी घासायची, तारेची. आवाज तिच्यात गुंततो.”

खरं सांगतो, मला ते पटलं. तारेच्या गुंत्यात आवाजाची ऊर्जा जिरते हे शास्त्राला धरूनच आहे. मी मंदाकिनीच्या, म्हणजे आमच्या हिच्या, ओट्यावरच्या दोन घासण्या घेतल्या. मग खालच्या दुकानातून एक डझन आणल्या. तानाजीरावांनी त्या सळईनं ठासून आत बसवल्या आणि म्हणाले, “आता बघा. मांजर चालल्यासारखी चालेल.”

सुरुवातीला चाललीही. आकडा शंभरावर आला, सत्त्याण्णववर आला. मी तारेच्या गुंत्यात ऊर्जा कशी जिरते हे जमलेल्यांना सांगत होतो आणि तेवढ्यात तानाजीरावांनी काटा साडेचार हजारांवर नेला. मुलांनो, हवेला बाहेर पडायचंच असतं. वाट अडवली की ती अडवणाऱ्याला घेऊन बाहेर पडते. पहिली घासणी पार्किंग ओलांडून नोटिसबोर्डाच्या काचेवर आपटली. दुसरी आणि तिसरी एकदम सुटल्या. चौथी, धूर सोडत, सोसायटीचे सेक्रेटरी कमलेश यांच्या खिडकीतल्या कुंडीत जाऊन पडली. ते त्या वेळी तुळशीला पाणी घालत होते.

संध्याकाळी तडकलेल्या काचेमागे नोटीस लागली. ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की इमारतीच्या आवारात स्वयंपाकघरातील साहित्य वाहनातून फेकू नये.’ नाव नव्हतं. पण सोसायटीत अठ्ठेचाळीस बिऱ्हाडं आहेत आणि त्यांतल्या सत्तेचाळीस बिऱ्हाडांनी त्या दिवशी वाहनातून काही फेकलं नव्हतं.

“अहो, माझ्या घासण्या?” मंदाकिनीनं विचारलं.

“एक मिळाली,” मी म्हणालो.

आता रीतसर काम करायचं ठरलं. वागळे इस्टेटमध्ये प्रणित नावाचा माझा एक जुना विद्यार्थी गाड्यांचे सायलेन्सर बनवतो. पण गाडी तिथवर न्यायची कशी? असल्या आवाजाची गाडी रस्त्यावर काढणं कायद्यात बसत नाही आणि मी आयुष्यात सिग्नल तोडलेला नाही. म्हणून मी गाडी उचलून नेणारा टेम्पो मागवला. सकाळी आठ वाजता, सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या असताना, विनीतची लाल गाडी पुढची चाकं वर करून आवारातून बाहेर पडली. मी तिच्यामागे रिक्षातून गेलो.

दुपारी घरी आलो तर बैठकीत चार माणसं बसली होती. मंदाकिनीनं चहा केला होता. तो कपांत निवत होता. शेवटी कमलेश म्हणाले, “सर, होतं असं. पोलिसांनी उचलली म्हणजे काही आपण गुन्हेगार होत नाही.”

“पोलिसांनी नाही, मीच उचलवली,” मी म्हणालो.

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग कमलेश माझ्या खांद्यावर हात ठेवून फार मायेनं म्हणाले, “बरोबर. असंच सांगायचं सगळ्यांना.”

माणसाची चौतीस वर्षांची अब्रू एका टेम्पोवरून जाते, हे मला त्या दिवशी कळलं. पण अब्रूचा विचार करायला वेळ नव्हता, कारण दिवस उरले होते नऊ आणि नोंदणी अजून विनीतच्या नावावर होती.

नोंदणीचं कार्यालय कल्याणला, घाऊक कापडबाजाराच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर. तिथे साईनाथ नावाचे एक अत्यंत सभ्य गृहस्थ बसतात. पालक बदलता येतो, पण नवा पालक घरातलाच असल्याचा कागद हवा, असं ते म्हणाले. मी विनीतचा शाळा सोडल्याचा दाखला नेला. त्यावर वडिलांचं नाव होतं, माझं. खाली मुख्याध्यापकाची सही होती. तीही माझीच, कारण त्या वर्षी मी प्रभारी मुख्याध्यापक होतो.

साईनाथांनी दाखला दोन्ही बाजूंनी पाहिला. “म्हणजे तुम्ही त्यांचे वडील आहात, हे तुम्हीच लिहून दिलंय.”

“त्या वेळी मला माहीत होतं ते,” मी म्हणालो.

“ते खरं हो सर. पण कागद म्हणून चालणार नाही.”

दुसऱ्या खेपेला मी रेशनकार्ड नेलं. त्यात विनीतचं नाव ‘विनित’ असं पडलं होतं. तिसऱ्या खेपेला शाळेला सुट्टी होती म्हणून दक्षता बरोबर आली. साईनाथांनी पुन्हा कागदांची चळत चाळली, चष्मा काढला आणि तिला विचारलं, “बाळा, हे कोण?”

“आबा,” ती म्हणाली.

“कुणाचे बाबा?”

“माझ्या बाबांचे. पण बाबा जहाजावर असतात, हे घरी असतात.”

साईनाथांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. जिना उतरताना दक्षतानं विचारलं, “आता झालं ना सगळं?” मी हो म्हणालो. तिच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा आनंद दिसला. पण शिक्का मारून गाडी गप्प बसत नाही.

आता प्रणितकडे चला. आमची शाळा वागळे इस्टेटमध्येच होती, पत्रा ठोकायच्या एका कारखान्याला लागून. वर्गाच्या भिंतीपलीकडे दिवसभर हातोडा पडायचा, धाड, धाड, धाड. त्या हातोड्यावर मात करून मी चौतीस वर्षं शिकवलं. शेवटच्या बाकावरच्या मुलालाही माझं वाक्य अख्खं ऐकू जायचं, याचा मला आजही अभिमान आहे. प्रणित त्याच शेवटच्या बाकावर बसायचा.

“सर, दोन डबे बसवू,” तो म्हणाला. “एक गाडीच्या मध्ये, एक मागे. आत जाळीची नळी आणि भोवती काचेचा कापूस. आठ काय, नऊ कमी होतील.” मग त्यानं पाइप सोडवून उलटा केला आणि आतून दहा घासण्या बाहेर काढल्या, एकमेकींना चिकटलेल्या. त्यानं त्या टेबलावर ओळीनं मांडल्या. “हे कोणी केलं?” असं त्यानं विचारलं नाही. चांगला विद्यार्थी.

काम दोन दिवसांचं होतं. मी रोज जाऊन बसलो, दक्षताही शाळा सुटल्यावर यायची. काचेच्या कापसाच्या पोकळ्यांत हवा शिरून घर्षणानं आवाजाची उष्णता कशी होते, हे मी प्रणितला आणि त्याच्या दोन कारागिरांना समजावलं. डब्याची लांबी आणि आवाजाचा सूर यांचा संबंध सांगितला. दोन दिवस गेले, तीन गेले. डबा जसाच्या तसा. चौथ्या दिवशी मी जरा कडक आवाजात विचारलं, “प्रणित, काम का होत नाही?”

प्रणित अवघडला. “सर, तुम्ही शिकवताना हातातलं काम चालू कसं ठेवणार? बरं दिसत नाही ना.”

मी पाहिलं. तो उभा होता, वेल्डिंगचा चष्मा कपाळावर आणि दोन्ही हातांची घडी. त्याचे कारागीर माझ्याकडे कधी शिकले नव्हते, पण मालकाचं पाहून तेही हातांची घडी घालून उभे होते. तीन दिवस मी बोलत होतो आणि तीन दिवस वर्कशॉप बंद होतं. त्या दिवशी मी कोपऱ्यात बसलो आणि पेपर वाचला. संध्याकाळपर्यंत दोन्ही डबे बसले.

मग प्रणितच्या मीटरवर मोजणी. पहिला आकडा शहाण्णव दशांश दोन. मी मीटरपाशी वाकून, आवाज पाइपाच्या तोंडाशी का फुटतो हे दक्षताला सांगितलं आणि पुन्हा मोजलं. पंचाण्णव दशांश आठ. तिसऱ्यांदा शहाण्णव दशांश पाच. प्रणितनं कापूस आणखी दाबून भरला. पुन्हा शहाण्णव. एक डेसिबल, मुलांनो. फक्त एक. दक्षता वहीत निमूट आकडे लिहीत होती आणि प्रत्येक आकड्यानंतर तिचं अक्षर लहान होत चाललं होतं.

विनीतचा फोन आला म्हणून मी बाहेर रस्त्यावर गेलो. त्याला सगळं उत्तम चाललंय असं सांगितलं. परत आलो तर दक्षता धावत आली. “आबा, त्र्याण्णव दशांश नऊ! प्रणितकाकांनी परत चालू केली होती.”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिला बसवलं आणि समजावलं. शास्त्रात असं असतं, की दहा आकडे एका जागी आणि एकच भलतीकडे आला तर तो एकटा आकडा चुकीचा धरायचा. कुठेतरी कोन चुकला असेल, अंतर चुकलं असेल. मी माझ्या खिशातलं लाल पेन काढलं आणि तिच्या वहीतल्या त्र्याण्णव दशांश नऊवर हलकीशी फुली मारली. फार मायेनं मारली. पण लाल फुली ती लालच.

ती म्हणाली, “मी अंतर पट्टीनं मोजलेलं.”

“असू दे,” मी म्हणालो. “चुकतं कधीकधी.”

तिनं वही दप्तरात ठेवली.

रविवार उजाडला. दक्षताची आई मेघना परिचारिका आहे, तिची ड्यूटी होती. तेव्हा निघालो आम्ही चौघं : मी, मंदाकिनी, दक्षता आणि शेवटचा शब्द बोलायला तानाजीराव. नव्या डब्यांमुळे गाडी खालून इतकी टेकली होती की चार माणसं बसलेली असताना गतिरोधक आला की डबा घासायचा. त्यामुळे प्रत्येक गतिरोधकापाशी तिघांनी उतरायचं, मी रिकामी गाडी पलीकडे न्यायची आणि तिघांनी चालत येऊन पुन्हा बसायचं, असं ठरलं. बाळकुमपासून कल्याणपर्यंत किती गतिरोधक आहेत हे तुम्हाला माहीत आहे? दक्षतानं मोजले, सव्वीस. नवव्याला एका रिक्षावाल्यानं थांबून विचारलं, “काका, धक्का मारू का?” सोळाव्याला मंदाकिनी म्हणाली, “मी आपली चालतच येते मुरबाडपर्यंत. तुमच्या आधी पोचेन.” विसाव्याला ती बोलायची थांबली, आणि ते जास्त वाईट होतं.

पोचलो तेव्हा दहाला पाच मिनिटं कमी होती. फेरी साडेदहाला. फाटकाच्या आत डांबरावर खडूनं खुणा केल्या होत्या आणि तिपाईवर मीटर लावून समीक्षा नावाची एक तरुण मुलगी उभी होती. तिच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी बसली होती. ती हौसाबाई. ट्रॅकच्या कुंपणाला लागून तिचा गोठा आहे. गाड्यांच्या आवाजानं म्हशी बिथरतात म्हणून तिनं गावाला घेऊन ट्रॅक दोन महिने बंद पाडला होता. तेव्हा समझोता असा झाला की आवाजाची मर्यादा पाळायची आणि प्रत्येक गाडीच्या चिठ्ठीवर हौसाबाईचा अंगठा घ्यायचा.

“मीटर तुमचा, म्हशी माझ्या,” ती आम्हाला म्हणाली. “पंच्याण्णवच्या वर एक बारीक पन नाय सोडणार. मंग तो मास्तर असू दे नायतर मिनिस्टर.”

तानाजीराव गाडीत बसले. मी मीटरपाशी उभा राहिलो, कारण कोन आणि अंतर कोणीतरी पाहायलाच हवं. समीक्षानं हात वर केला. तानाजीरावांनी काटा साडेचार हजारांवर नेला. इंजिन गरजू लागलं आणि मी समीक्षाला सांगू लागलो की वारा मीटरच्या तोंडावर येत असला तर आकडा जास्त येतो, तेव्हा आपण उभं राहून आडोसा करावा. हौसाबाई आपल्या धाकट्या म्हशीनं गेल्या शनिवारी काय केलं ते मंदाकिनीला सांगत होती. इंजिनाच्या वरून सांगायचं म्हणून ओरडून सांगत होती. मंदाकिनी तितक्याच मोठ्यानं “अगं बाई” म्हणत होती. तानाजीराव खिडकीतून डोकं काढून विचारत होते, “बास का? बास का?”

शहाण्णव.

“सर, जरा मागे होता का?” समीक्षा म्हणाली. मी दोन पावलं मागे झालो.

दुसरी संधी. या वेळी मी फक्त तानाजीरावांना सूचना दिल्या. काटा हळूहळू न्या, धक्का देऊ नका, आता स्थिर, स्थिर, थोडा खाली, असं. तानाजीरावांना ऐकू जावं म्हणून मी मीटरजवळ परत आलो होतो, ते मला कळलंही नाही. हौसाबाईच्या गोष्टीतली म्हैस आता कुंपण तोडून पळाली होती.

पंचाण्णव दशांश सात.

समीक्षानं माझ्याकडे पाहिलं. तिला खरंच वाईट वाटत होतं. नंतर ती म्हणाली की तिला तेव्हाच काही बोलायचं होतं, पण तिचे वडीलही शिक्षक आहेत आणि माझ्यासारख्या माणसाला ‘सर, गप्प बसा’ असं म्हणायला तिची जीभ रेटेना. “एकच राहिली सर,” ती एवढंच म्हणाली.

फाटकापलीकडे दहा-बारा गाड्या रांगेत लागल्या होत्या. त्यांच्या खिडक्यांतून मुलं डोकावत होती. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. माझ्या कानात फक्त तो ‘तरी’ वाजत होता. मला दक्षताकडे बघवेना, म्हणून मी तानाजीरावांकडे बघून बोलत राहिलो. कापूस सैल झाला असेल, गतिरोधकांनी जोड हलला असेल, सव्वीस कमी का आहेत. तानाजीराव म्हणाले, पाइपात एक ओलं फडकं कोंबू. मंदाकिनी म्हणाली, माझं फडकं मिळणार नाही. हौसाबाई म्हणाली, फडकं नाय चालायचं, करारात नाय.

दक्षता थोडी बाजूला उभी होती. तिनं वही उघडली होती आणि ती आकड्यांवरून बोट फिरवत होती, एकशे तीनपासून खाली. एका जागी तिचं बोट थांबलं. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी बोलत होतो. मग तिनं हौसाबाईकडे पाहिलं, मंदाकिनीकडे पाहिलं, खिडकीतून लोंबणाऱ्या तानाजीरावांकडे पाहिलं. तिनं वही मिटली, बाजूची एक रिकामी खुर्ची ओढली आणि तिच्यावर चढून उभी राहिली.

तो आवाज तिला कुठून आला मला माहीत नाही. म्हणजे, माहीत आहे. पत्र्याच्या कारखान्याशेजारी चौतीस वर्षं वापरलेला तो आवाज होता, फक्त लहान आकाराचा.

“हाताची घडी. तोंडावर बोट.”

मुलांनो, माझं वाक्य अर्ध्यावर तुटलं. माझा डावा हात आपोआप उजव्या काखेत गेला आणि उजव्या हाताचं बोट ओठांवर आलं. मंदाकिनीनं टिफिन खाली ठेवला आणि घडी घातली. तानाजीरावांचं डोकं आत गेलं. रांगेतल्या पहिल्या गाडीतल्या एका गृहस्थांनी चालू असलेला फोन बंद केला आणि बोट तोंडावर ठेवलं. हौसाबाई चौथीपर्यंत शिकलेली. तिनं आधी पदर नीट केला, मग घडी घातली, मग बोट ठेवलं. सगळ्यांत सरळ तीच बसली होती.

दक्षतानं समीक्षाला मान हलवून खूण केली. समीक्षानं हात वर केला.

इंजिन गरजलं. कोणी काही समजावलं नाही. कोणी काही विचारलं नाही. मी चौदा सेकंद एक अक्षर बोललो नाही आणि ते चौदा सेकंद मला निवृत्तीनंतरच्या वर्षांपेक्षा लांब वाटले. कुंपणापलीकडे एक म्हैस चारा चघळत होती.

समीक्षानं मीटरकडे पाहिलं. मग तिनं तो उचलून आमच्यासमोर धरला, कारण तिचंही एक बोट तोंडावर होतं. चौऱ्याण्णव दशांश एक.

मला तेव्हा सगळं समजलं, आणि शिक्षकाला सगळं एकदम समजणं फार लाजिरवाणं असतं. चौऱ्याण्णवचं इंजिन आणि त्याच्या शेजारी नव्वदचा मास्तर, दोन्ही मिळून पंचाण्णव पार होतात. हे गणित मी कितीतरी वर्षं फळ्यावर करून दाखवलं होतं. इतके दिवस मी गाडीच्या आवाजामागे लागलो होतो आणि वरचा एक डेसिबल माझ्याच घशातून येत होता. हे सांगायला मी तोंड उघडलं, पण दक्षतानं अजून बोट खाली करायला सांगितलं नव्हतं. हौसाबाईनं घडी न सोडता, नुसता डावा अंगठा पुढे केला. समीक्षानं त्याला शाई लावली.

दक्षता खुर्चीवरून उतरली आणि सरळ माझ्याकडे आली. माझ्या सदऱ्याच्या खिशातलं लाल पेन तिनं काढून घेतलं. वही उघडून ते पान काढलं, आणि त्र्याण्णव दशांश नऊवर मी मारलेल्या फुलीशेजारी, रागानं नाही, फार मायेनं, एक बरोबरची खूण केली. पेनाला टोपण लावून ते परत माझ्या खिशात ठेवलं.

साडेदहाला आम्ही दोघं ट्रॅकच्या तोंडाशी होतो. पुढची गाडी हलली. दक्षतानं पट्टा लावला, दोनदा ओढून पाहिला आणि हात मांडीवर ठेवले. समोर पहिलं वळण दिसत होतं. अशा वेळी बोललं की मला धीर येतो, म्हणून वळणावर माणूस बाहेरच्या बाजूला का फेकला जातो हे तिला सांगायला मी घसा साफ केला.

दक्षतानं माझ्याकडे वळून पाहिलं नाही. समोरच्या वळणावर नजर ठेवून तिनं एक बोट उचललं आणि स्वतःच्या ओठांवर ठेवलं.